डोक्यावर घ्यायचं क्रियापद : ‘इतादाकु’ शिकताना

जपानी शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात जो शब्द पाठ होतो तो ‘इतादाकिमास’. ताट समोर आलं, हात जोडले, म्हटलं, जेवायला सुरुवात. अर्थ विचारला तर वर्गात कुणीतरी सांगतं, “आपण जेवणाआधी श्लोक म्हणतो ना, तसं.” विषय तिथेच संपतो. मलाही तो शब्द जून 2023 मध्ये दहा मिनिटांत पाठ झाला. त्याच्या मागचं ‘इतादाकु’ हे क्रियापद मात्र न अडखळता वापरता यायला नोव्हेंबर 2024 उजाडला. मधल्या सतरा महिन्यांत ते पुन्हापुन्हा नव्याने भेटत राहिलं आणि दर वेळी आधी शिकलेलं थोडं मोडावं लागलं. कुठे काय मोडलं ते क्रमाने लिहून ठेवतेय. पुण्यात आणि बाहेरही बरेच जण ‘मिन्ना नो निहोंगो’ याच पुस्तकावरून शिकतात, म्हणून धड्यांचे आकडेही देते: 7, 26, 41, 48 आणि 50. हे पाच धडे एकाच क्रियापदाचे आहेत हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मा वैताग वाचला असता.

क्लासच्या फीबद्दल लिहीत नाही, ती जागोजागी वेगळी असते. या एका क्रियापदापुरता माझा खर्च असा झाला: दोनशे कोऱ्या कार्डांचा गठ्ठा 120 रुपये, एक लांब वही 70 रुपये आणि नोव्हेंबरमध्ये एकटीने घेतलेल्या तासाचे 600.

जून 2023. उच्चार आणि हात

लिहिताना शब्द ‘इतादाकिमासु’ असा आहे, सहा मात्रांचा. बोलताना शेवटच्या ‘सु’मधला उकार जवळजवळ गिळला जातो आणि कानावर ‘इतादाकिमास’ येतं. यातले ‘त’ आणि ‘द’ आपलेच, दातांना जीभ लावून म्हणायचे. रोमन अक्षरांवरून शिकणाऱ्यांच्या तोंडी ‘इटाडाकिमासु’ बसतं आणि मग महिनोन्‌महिने निघत नाही. म्हणून पहिले दोन आठवडे खुशाल देवनागरीत लिहा, पण हिरागाना (जपानीची मूळ अक्षरमाला) आली की देवनागरी सोडा. दीर्घ स्वर आणि जोड-मात्रा देवनागरीत हळूहळू फसवायला लागतात.

हातांचीही एक रीत आहे. आधी हात जोडायचे, शब्द म्हणायचा आणि मग जेवायच्या काड्या उचलायच्या. जोडलेल्या हातांच्या अंगठ्यांत काड्या धरून नमस्कार करणं हे काड्यांच्या निषिद्ध प्रकारांत मोडतं, त्याला ‘ओगामिबाशि’ असं नावच आहे. जपानी शाळेत दुपारचं जेवण मुलंच एकमेकांना वाढतात, सगळ्यांची ताटं मांडून झाली की पाळीवर असलेला मुलगा किंवा मुलगी पुढे होऊन सांगते आणि सगळा वर्ग एका सुरात ‘इतादाकिमास’ म्हणतो. घरी एकटं जेवणारेही म्हणतात. जिने स्वयंपाक केला तीही म्हणते.

आता पहिली चूक. आपल्याकडे पाहुणा जेवायला बसला की यजमान म्हणतो, “सावकाश होऊ द्या.” त्याच थाटात आपली माणसं जपानी पाहुण्यासमोर ताट ठेवून हसत म्हणतात, “इतादाकिमास!” पाहुणा गोंधळतो, कारण हे वाक्य जेवणाऱ्याचं आहे, वाढणाऱ्याचं नाही. यजमानाने म्हणायचं ‘दोओझो’ (घ्या), किंवा थोडं नीट म्हणायचं तर ‘दोओझो, मेशिआगात्ते कुदासाइ’ (घ्या, जेवा). जेवण झाल्यावर जेवणाऱ्याने ‘गोचिसोओसामा देशिता’ म्हणायचं, त्याला मात्र आपल्याकडे चपखल जोड आहे: ‘अन्नदाता सुखी भव’. ‘चिसोओ’ या शब्दाच्या चित्रलिपीत धावाधाव आहे, जेवण जमवण्यासाठी केलेली. खानावळीतून बाहेर पडताना गल्ल्यावरच्या माणसालाही तेच म्हणतात. घरची यजमानीण त्यावर ‘ओसोमात्सुसामा देशिता’ म्हणते. आपल्याकडे “कसलं काय, साधंच होतं” म्हणतात, तो सूर.

ऑगस्ट 2023. धडा 7

सातव्या धड्यात घेण्या-देण्याची क्रियापदं येतात: ‘आगेरु’ म्हणजे देणं, ‘मोराउ’ म्हणजे मिळणं किंवा घेणं. त्याच धड्याच्या संभाषणात पाहुणे घरी येतात, त्यांना कॉफी विचारली जाते आणि ते ‘इतादाकिमास’ म्हणतात. तेव्हा कळतं की हा शब्द फक्त जेवणाचा नाही. कॉफीला चालतो, पुढे केलेल्या बिस्किटालाही चालतो. ‘इतादाकु’ हे ‘मोराउ’चंच नम्र रूप आहे, हे मात्र पुस्तक इथे सांगत नाही. त्यासाठी एकेचाळिसाव्या धड्यापर्यंत थांबावं लागतं.

मराठी माणूस इथे हमखास घसरतो. आपण म्हणतो, ‘मला तानाका-सानकडून पुस्तक मिळालं.’ मराठीत पुस्तक कर्ता आणि ‘मला’ चतुर्थी. ‘मला’चं जपानी ‘वाताशी नी’ असं पाठ झालेलं असतं, म्हणून वहीत वाक्य उतरतं: ‘वाताशी नी होन ओ मोराइमाशिता.’ त्याचा अर्थ होतो, कुणाला तरी माझ्याकडून पुस्तक मिळालं. दिशा उलटी. बरोबर वाक्य: ‘वाताशी वा तानाका-सान नी होन ओ मोराइमाशिता.’ ज्याला मिळालं त्याला ‘वा’, ज्याच्याकडून मिळालं त्याला ‘नी’ किंवा ‘कारा’. ‘मोराउ’ शिकताना ‘मिळणे’ विसरा, ‘घेणे’ आठवा. ‘मी तानाका-सानकडून घेतलं’ म्हटलं की कर्ता जागेवर येतो.

याच सुमारास शब्दकोशात ‘इतादाकु’ उघडून बघितलं. पहिला अर्थ खाणं नाही, मिळणंही नाही. डोक्यावर घेणं, माथ्यावर धारण करणं हा आहे. ‘इतादाकी’ म्हणजे डोंगराचा माथा. बर्फाने माथा झाकलेल्या डोंगराला आजही ‘युकि ओ इतादाकु यामा’, म्हणजे बर्फ माथ्यावर धरलेला डोंगर, असं म्हणतात. या शब्दाच्या चित्रलिपीचा उजवा भागही डोक्याचाच आहे. मोठ्यांकडून मिळालेली वस्तू दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरायची, त्यावरून ‘नम्रपणे घेणं’, आणि त्यावरून ‘खाणं-पिणं’.

देवळातल्या प्रसादाचा खडा आपण कपाळाला लावून तोंडात टाकतो ना, त्या एका हालचालीत या क्रियापदाचे तिन्ही अर्थ एकापाठोपाठ येतात. मला हे समजल्यावर बाकीचं व्याकरण लावून घ्यायला एक खुंटी मिळाली: घेणारी मी, खाली, देणारा वर. अर्थात, जपानी माणूस दर घासाला डोंगरमाथा आठवत नाही, जसं आपण ‘शिरसावंद्य’ म्हणताना डोकं चाचपत नाही.

डिसेंबर 2023 ते फेब्रुवारी 2024. धडे 24 आणि 26

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एन-5 ची, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या सगळ्यात खालच्या पातळीची, परीक्षा झाली. तिच्यात या क्रियापदाने त्रास दिला नाही. खरी गाठ जानेवारीत पडली, धडा 24 मध्ये. इथे ‘कुरेरु’ येतं (दुसऱ्याने मला देणं) आणि ही तिन्ही क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाला चिकटायला लागतात: ‘-ते आगेरु’, ‘-ते कुरेरु’, ‘-ते मोराउ’.

या ठिकाणी मराठीवाल्यांना सवलत आहे, ती पुरेपूर वापरा. ‘केस कापून घेतले’ म्हणजे ‘कामि ओ कित्ते मोराइमाशिता’. ‘समजावून दिलं’, ‘लिहून घेतलं’, ‘दुरुस्त करून घेतलं’ ही सगळी आपली संयुक्त क्रियापदं हुबेहूब त्याच घडणीची आहेत. इंग्रजीवरून शिकणाऱ्यांना इथे तासभर समजवावं लागतं, आपल्याला पाच मिनिटं पुरतात.

रचना मिळते, भाव मात्र मिळत नाही. ‘सरांकडून निबंध तपासून घेतला’ या मराठी वाक्यात उपकाराची भावना असेलच असं नाही, काम उरकल्याचा सूरही असू शकतो. जपानीत ‘-ते मोराउ’ किंवा ‘-ते कुरेरु’ वाक्यात आलं की ‘हे माझ्यासाठी झालं’ ही नोंद आपोआप होते. आणि ती गाळली तर वाक्य कोरडं पडतं. ‘सेन्सेइ गा साकुबुन ओ नाओशिमाशिता’ (सरांनी निबंध तपासला) हे व्याकरणाने अचूक आहे, पण ऐकणाऱ्याला वाटतं की कुणी तिऱ्हाईत बातमी सांगतोय, याचा त्या निबंधाशी संबंध नाही. शिकणाऱ्यांच्या वह्यांत लाल शाई न लागलेली सगळ्यात मोठी चूक हीच, कारण ती व्याकरणात दिसत नाही.

उलट बाजूला ‘-ते आगेरु’ जपून. थोरामोठ्यांना ‘मी तुमची बॅग उचलून देते’ अशा अर्थी ‘मोत्ते आगेमासु’ म्हटलं की उपकार केल्यासारखं वाटतं. तिथे ‘ओमोचि शिमासु’ म्हणायचं, उपकाराचा उल्लेखच नको.

मग फेब्रुवारीत धडा 26 आणि ‘इतादाकु’ पुन्हा हजर: ‘-ते इतादाकेमासेन का’, विनंतीसाठी. इथे जवळजवळ सगळा वर्ग एका अक्षरावर पडला. आम्ही म्हणत होतो ‘ओशिएते इतादाकिमासेन का’, ‘की’ लावून. हवं होतं ‘इतादाकेमासेन का’, ‘के’ लावून. ‘इतादाकु’चं शक्यतादर्शक रूप ‘इतादाकेरु’, म्हणजे ‘मिळू शकणं’. वाक्याचा खरा सांगाडा ‘तुम्ही शिकवाल का’ असा नाही, ‘तुम्ही शिकवणं मला मिळू शकणार नाही का’ असा आहे. विचारायचं आहे ते समोरच्याच्या इच्छेबद्दल नाही, माझ्या पदरात पडेल का याबद्दल.

ऐकायला अवघड वाटतं, पण लग्नाच्या पंगतीत आपण हेच करतो. वाढपी घाईत असतो आणि आपण म्हणतो, “जरा मीठ मिळेल का?” ‘मीठ दे’ नाही, ‘मीठ देता का’ही नाही. ‘मिळेल का’ हेच ‘इतादाकेमासु का’. हे वाक्य डोक्यात बसल्यापासून माझा ‘की’ आणि ‘के’चा घोळ संपला.

नम्रतेच्या पायऱ्या साधारण अशा चढतात: ‘ओशिएते कुदासाइ’ (सांगा), ‘ओशिएते कुरेमासेन का’ (सांगशील ना, ओळखीच्यात), ‘ओशिएते मोराएमासेन का’, ‘ओशिएते इतादाकेमासेन का’, आणि सगळ्यात वर ‘ओशिएते इतादाकेनाइ देशोओ का’. ‘कुदासाइ’मध्ये ‘कृपया’ आलंच असं समजून ते सगळीकडे वापरू नका. वरिष्ठांकडे काम घेऊन गेल्यावर ते हुकमासारखं लागतं. आणि विनंती एकदम तोंडावर टाकायची नसते. आधी ‘सुमिमासेन, ओनेगाइ गा आरुन देसु गा...’ (माफ करा, एक विनंती होती...) म्हणून वाक्य अर्धवट सोडायचं, समोरचा ‘हाइ, नान देशोओ’ (हो, काय?) म्हणेपर्यंत थांबायचं आणि मगच शिफारसपत्र वगैरे जे हवं ते मागायचं. ते थांबणं आपल्याला जड जातं. मनात तीनपर्यंत मोजा.

जुलै 2024. धडा 41

या धड्यात ‘इतादाकु’ शेवटी स्वतःच्या नावाने ओळख करून देतं: ‘मोराउ’चं नम्र रूप. सोबत ‘कुरेरु’चं आदरार्थी रूप ‘कुदासारु’ येतं. एकाच घटनेची दोन वाक्यं होतात:

सेन्सेइ नी ओशिएते इतादाकिमाशिता.
सेन्सेइ गा ओशिएते कुदासाइमाशिता.

दोन्हींत शिकवलं सरांनीच आणि फायदा माझाच. पहिल्यात वाक्याची मालकीण मी (मी घेतलं), दुसऱ्यात सर (त्यांनी दिलं). चूक होते ती दोन्हींची सरमिसळ झाल्यावर: ‘सेन्सेइ गा ओशिएते इतादाकिमाशिता’. ‘गा’ कर्त्याला लागतो, त्यामुळे मग घेणारे सर होतात. ही चूक इतकी सर्रास होते की आमच्या सेन्सेइंनी फळ्याच्या कोपऱ्यात ‘गा + इतादाकु’ लिहून त्यावर फुली मारून ठेवली होती आणि ती महिनाभर पुसली नाही.

इथे एक योगायोग कामाला आला. करणाऱ्याला जपानी ‘नी’ लावते आणि मराठीही ‘नी’ लावते: ‘सेन्सेइ नी ओशिएते...’, ‘सरांनी शिकवलं’. दोन्ही ‘नी’ंचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण ‘इतादाकु’ आणि ‘मोराउ’च्या वाक्यांत हा आधार पक्का टिकतो. बाकी ठिकाणी तो लावू नका. ‘नी’ वेळेला, ठिकाणाला, पोचण्याच्या जागेलाही लागतो.

ऐकताना मात्र एवढ्याने भागत नाही. ही दोन वाक्यं बघा:

यामादा-सान नी शाशिन ओ तोत्ते मोराइमाशिता.
यामादा-सान नी शाशिन ओ तोत्ते आगेमाशिता.

‘तोत्ते’पर्यंत अक्षर न्‌ अक्षर सारखं. पहिल्यात फोटो यामादांनी काढला, दुसऱ्यात मी त्यांना काढून दिला. परीक्षेच्या श्रवण विभागात ‘फोटो कुणी काढला?’ असा प्रश्न असतो आणि ‘यामादा-सान नी’ ऐकल्याबरोबर पर्यायावर खूण करणारे पडतात. शेवटचं क्रियापद येईपर्यंत पेन्सिल उचलायची नाही. मराठीतही क्रियापद शेवटीच येतं, तेव्हा कान ही वाट बघू शकतो. आपणच उगाच घाई करतो.

गठ्ठ्यातली चाळीस कार्डं मी यासाठी वापरली. पुढच्या बाजूला जपानी वाक्य, मागच्या बाजूला फक्त एक बाण: कुणाकडून कुणाकडे. मराठी अर्थ लिहायचा नाही. अर्थ लिहिला की माणूस तोच पाठ करतो आणि ‘नी’कडे बघतच नाही. रोज दहा कार्डं, आधी शेवटचं क्रियापद, मग ‘नी’ की ‘गा’, मग बाण. तीन आठवड्यांनी तीच वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून बसमध्ये ऐकली. वाचताना चुकत नव्हते, ऐकताना चाळीसपैकी अकरा चुकली. म्हणून सल्ला: रेकॉर्डिंग तिसऱ्या आठवड्यात नको, तिसऱ्या दिवशी करा.

एकेचाळिसाव्या धड्यात आणखी एक गोष्ट खटकते, आणि ती व्याकरणाची नाही. मराठीत आदर माणसाला चिकटलेला असतो. आजोबा घरातही ‘ते’ आणि परक्यासमोरही ‘ते’च. ‘आमचे साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे आपण ग्राहकाला आदरानेच सांगतो. जपानीत आदर समोर कोण आहे त्यावर ठरतो. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपली आई, आपले साहेब, आपली कंपनी सगळे ‘आतले’ होतात आणि त्यांच्यासाठी मान खाली घालायची नसते. ‘हा डबा आईने करून दिला’ हे बाहेरच्याला सांगताना ‘हाहा नी त्सुकुत्ते मोराइमाशिता’. इथे ‘इतादाकिमाशिता’ म्हटलं तर आपण स्वतःच्याच आईला परक्यासमोर उंचावर बसवलं असं होतं. आईबद्दल ‘ती’ म्हणणाऱ्या घरांत हे सोपं जातं, ‘आईंनी दिलं’ म्हणणाऱ्यांना जीभ आवरावी लागते.

सप्टेंबर 2024. धडा 48

सगळ्यात वाईट महिना. प्रयोजक रूप आलं आणि त्याला ‘इतादाकु’ जोडलं गेलं: ‘-सासेते इतादाकु’. शब्दशः ‘तुम्ही मला करू द्यावं आणि ते मी माथी धरावं’. मोठा धोका असा की आतापर्यंत ‘-ते इतादाकु’मध्ये काम समोरचा करत होता, इथे काम मी करते.

ऑफिसातून लवकर निघायचंय. साहेबांना म्हणायचंय, ‘मी आज लवकर जाऊ का?’ बरोबर वाक्य: ‘हायाकु काएरासेते इतादाकेमासेन का.’ प्रयोजकाचा ‘रासे’ गळाला की उरतं ‘हायाकु काएत्ते इतादाकेमासेन का’, म्हणजे ‘आपण लवकर घरी जाल का?’ साहेबांनाच घरी पाठवायची विनंती, तीही अत्यंत नम्र भाषेत. आणि ‘काएत्ते इतादाकिमासु’ म्हटलं तर ते नको असलेल्या माणसाला दार दाखवण्याचं वाक्य होतं. वर्गात या चुकीवर सगळे हसले, मग सरावात निम्म्यांनी तीच केली.

दुसरी अडचण आगंतुक ‘सा’ची. ‘ताबेरु’चं ‘ताबेसासेते’, ‘सुरु’चं ‘सासेते’, पण ‘यासुमु’चं ‘यासुमासेते’, ‘इकु’चं ‘इकासेते’, ‘योमु’चं ‘योमासेते’. ‘यासुमासासेते’, ‘इकासासेते’ असा जास्तीचा ‘सा’ घालणं चूक आहे, जपानी माणसंही तो घालतात आणि त्या सवयीला जपानीत वेगळं नाव आहे. ‘हानासु’चं मात्र ‘हानासासेते’ बरोबर, कारण तिथला पहिला ‘सा’ मूळ क्रियापदाच्याच ‘सु’चा झालाय. मी पाच क्रियापदं एका कार्डावर लिहून दाराच्या आत चिकटवली होती, बाहेर पडताना एकदा म्हणायची.

‘-सासेते इतादाकु’ किती वापरावं यावर जपानमध्येच कुरबुर आहे. 2007 मध्ये तिथल्या सांस्कृतिक परिषदेने आदरार्थी भाषेची मार्गदर्शक तत्त्वं, ‘केइगो नो शिशिन’, सरकारला सादर केली. त्यात याच्या वापराला दोन अटी सांगितल्या आहेत: समोरच्याची किंवा तिसऱ्या कुणाची परवानगी घेऊन ते काम होत असावं, आणि त्यातून आपल्याला लाभ होतोय ही वस्तुस्थिती किंवा भावना असावी. शिकणाऱ्याला ही चाळणी पुरते. पुस्तकाची प्रत काढू देण्याची विनंती दोन्ही अटींत बसते. ‘मी अमुक विद्यापीठातून पदवी घेतली’ हे सांगताना ती ओढून आणायची गरज नाही. दुकानाच्या बंद दारावरची ‘होन्जित्सु क्यूग्यो सासेते इतादाकिमासु’ ही पाटी या दोहोंच्या मधली. सरळ अर्थ ‘आज दुकान बंद’, पण गिऱ्हाइकाने परवानगी दिलीच आहे अशा नम्रतेने. ‘दुपारी 1 ते 4 दुकान बंद राहील’ वाचून वाढलेल्या पुणेकराला ती पाटी दोनदा वाचावी लागते.

ऑक्टोबर 2024. धडा 50

शेवटच्या धड्यात वर्तुळ जेवणाच्या ताटाकडे परत येतं. नम्र क्रियापदांच्या तक्त्यात ‘ताबेरु’ (खाणं), ‘नोमु’ (पिणं) आणि ‘मोराउ’ या तिघांसमोर एकच शब्द असतो, ‘इतादाकु’. म्हणून पाहुण्याला ‘गरम आहे तोवर खा’ म्हणताना ‘इतादाइते कुदासाइ’ म्हणायचं नाही. त्यात आपण पाहुण्याला मान खाली घालायला सांगतो. ‘मेशिआगात्ते कुदासाइ’. जून 2023 मधली यजमानाची चूक आणि ही चूक एकच होती, हे कळायला मला सोळा महिने लागले.

व्हिजिटिंग कार्ड घेतानाचा ‘चोओदाइ इताशिमासु’ही इथलाच, दोन्ही हातांनी घेताना म्हणायचा. त्यातला ‘चोओदाइ’ त्याच डोक्यावर घेण्याच्या अर्थाचा. गंमत अशी की एकटा ‘चोओदाइ’ लहान मुलं ‘दे ना’ अशा अर्थी वापरतात, म्हणून मागचा ‘इताशिमासु’ खाऊ नका.

नोव्हेंबर, डिसेंबर

एन-4 ला, म्हणजे एन-5 च्या वरच्या पातळीला, पास व्हायला एकूण 180 पैकी 90 लागतात, शिवाय भाषा-वाचनात 120 पैकी 38 आणि श्रवणात 60 पैकी 19. तीन सत्रं: 25, 55 आणि 35 मिनिटं. अर्जाची मुदत थोडी असते आणि जागा भरल्या की संपलं, म्हणून ऑगस्टपासूनच लक्ष ठेवा. फोटोची मापं आणि ओळखपत्रावरचं नाव अर्ज उघडायच्या आधी तपासून ठेवा. बोलण्याची परीक्षा यात नाही. विनंती करता येत नसताना माणूस उत्तीर्ण होऊ शकतो. म्हणूनच 600 रुपयांचा तो एक तास घेतला: पंचेचाळीस मिनिटं फक्त विनंत्या, चूक झाली की वाक्य पहिल्यापासून. हा तास मी जुलैत घ्यायला हवा होता.

1 डिसेंबरला परीक्षा झाली, जानेवारीअखेर निकाल ऑनलाइन लागला, पास. सेन्सेइंना संदेश पाठवला: ‘नागाइ आइदा ओशिएते इतादाकि, आरिगातोओ गोझाइमाशिता’ (इतके दिवस शिकवलंत, आभारी आहे). ‘नी’, ‘गा’, ‘की’ सगळं चारदा तपासून. तासाभराने उत्तर आलं. अभिनंदन होतं, आणि खाली एक ओळ: दुसऱ्या क्रियापदाला जोडलेला ‘इतादाकु’ चित्रलिपीत लिहायचा नसतो, हिरागानात लिहायचा.